मिल्टन कीन्समधे गाड्यांशिवाय सायकल: पाणी धरून जायच्या वाटा

लंडनच्या वायव्येला साधारण ८० किलोमीटरवर मिल्टन कीन्स आहे, १९६७ साली कागदावर आखून बांधायला घेतलेलं शहर, २०२२ मधे त्याला अधिकृत सिटीचा दर्जा मिळाला. इंग्लंडमधल्या बऱ्याच लोकांना ते फक्त राउंडअबाउटमुळे, म्हणजे गोल चौकांमुळे, माहीत असतं, आणि आपली मंडळी नोकरीसाठी इथे येतात तेव्हा पहिले काही महिने गाडीतूनच शहर बघतात, मग म्हणतात की इथे काहीच नाही, नुसते रस्ते आणि झाडं. त्या झाडांच्या मागेच सगळं आहे. गाडीतून ते दिसत नाही कारण ते दिसू नये अशीच आखणी आहे. शहरभर लाल डांबराच्या वाटा आहेत, त्यांना रेडवे म्हणतात, सगळ्या मिळून ३०० किलोमीटरच्या वर, त्यावर फक्त चालणारे आणि सायकलवाले. त्याशिवाय ओढ्यांच्या आणि कालव्याच्या काठाने, तळ्यांभोवती, जुन्या रेल्वेलाइनवर अशा वेगळ्या वाटा आहेत. लहान मुलांना घेऊन, किंवा वीस वर्षांनी परत सायकलवर बसणाऱ्या माणसाने, सबंध दिवस मोटारींच्या रस्त्यावर जवळजवळ न जाता फिरावं अशी इंग्लंडमधे जागा शोधत असाल तर ही आहे.

लेख मोठा आहे. ज्यांना नुसता रूट हवाय त्यांनी मधल्या पहिल्या फेरीपासून वाचा, पण नवीन असाल तर आधीचे तीन भाग सोडू नका, विशेषतः क्रॉसिंगवाला.

आधी शहराची रचना डोक्यात बसवा

मोठे रस्ते म्हणजे ग्रिड रोड, आडवे आणि उभे, साधारण किलोमीटर-किलोमीटरवर. आडव्यांना एच आणि नंबर, उभ्यांना व्ही आणि नंबर. एच ६ चाइल्ड्स वे, व्ही ७ सॅक्सन स्ट्रीट, व्ही १० ब्रिकहिल स्ट्रीट असं. यांच्यावर गाड्या ताशी ६०-७० मैलांनी जातात, तिथे सायकल घालू नका, कायद्याने चालत असलं तरी नको. या रस्त्यांच्या चौकोनात एकेक वस्ती बसवलेली आहे आणि रेडवे या वस्त्यांमधून, ग्रिड रोडच्या बाजूने आणि जिथे ग्रिड रोड आडवा येतो तिथे बहुतेक वेळा त्याच्या खालून किंवा वरून जातो.

आता नवीन माणूस काय करतो, तर रेडवेवरच्या पाट्या वाचत जातो. पाट्यांवर पुढच्या वस्तीचं नाव असतं, दोन वळणं गेली की ते नाव गायब होतं आणि तिसरंच नाव येतं, सगळीकडे तीच झाडी, तेच लाल डांबर, तेच अंडरपास, आणि अर्ध्या तासात माणूस पूर्ण हरवतो. मोठी खूण म्हणून फारसं काही दिसत नाही कारण मूळ आखणीत शहर मुद्दाम झाडांच्या उंचीपेक्षा फार वर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं. त्यामुळे माझं ठाम मत आहे की इथे पाट्यांच्या मागे न जाता पाण्याच्या मागे जायचं.

पाणी तीन ठिकाणी आहे. पूर्वेला ऊझल नदी, तिला नदी म्हणतात पण आपल्याकडे ओढाच म्हणतील एवढी. पश्चिमेला लाउटन ब्रुक, तो खरोखर ओढा. दोन्ही दक्षिणेकडून उत्तरेला वाहतात आणि शेवटी ग्रेट ऊझ नदीला मिळतात, जी शहराच्या उत्तर हद्दीवरून जाते. आणि तिसरा ग्रँड युनियन कालवा, तो दक्षिणेकडून फेनी स्ट्रॅटफर्डवरून येतो, पूर्व बाजूने वर जातो आणि मग वळून उत्तरेकडून पश्चिमेला वुल्व्हर्टनकडे निघतो. म्हणजे डोळ्यासमोर आणा, मधे सेंट्रल मिल्टन कीन्स थोडं उंचावर, डावीकडे लाउटन ब्रुक, उजवीकडे ऊझल, आणि कालवा उजवीकडून वर जाऊन डावीकडे वळलेला. एवढं लक्षात ठेवलं की फोनची बॅटरी गेली तरी तुम्ही घरी येता.

शहर आखताना ओढ्यांच्या काठची पूर येणारी जमीन बांधकामाला दिली नाही, तिथे लांबच लांब पट्ट्यांची उद्यानं केली. नव्या शहराचं पावसाचं पाणी एकदम खाली न्यूपोर्ट पॅग्नेलकडे जाऊन पूर येऊ नये म्हणून तळी खोदली, विलेन, काल्डेकॉट, फर्झ्टन, लॉज लेक ही सगळी त्यातलीच. आणि हा हिरवा भाग पुढे कोणी विकून खाऊ नये म्हणून १९९२ पासून तो पार्क्स ट्रस्टकडे आहे. या ट्रस्टला जमिनीबरोबर भाड्याने दिलेल्या व्यापारी इमारतीही मिळाल्या, त्यांच्या उत्पन्नातून उद्यानांची देखभाल चालते, नगरपालिकेच्या बजेटमधे कपात झाली म्हणून गवत वाढलं असं इथे होत नाही. ही कल्पना मला या शहरातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते आणि आपल्या शहरांत नदीकाठ वाचवायला भांडणाऱ्या लोकांनी ती जरूर अभ्यासावी.

क्रॉसिंगचं नीट समजून घ्या

गाड्या नाहीत म्हणून धोका नाही असं नाही. ग्रिड रोडला तुम्ही सुरक्षित असता कारण अंडरपास आहे. गडबड होते ती वस्तीतल्या छोट्या रस्त्यांवर. रेडवे मधेच एखाद्या गल्लीच्या किंवा पार्किंगच्या तोंडाशी येतो, आणि तिथे बहुतेक ठिकाणी थांबायची जबाबदारी सायकलवाल्याची असते. ड्रायव्हर ग्रिड रोडवरून वेगात आत वळलेला असतो, झुडपं वाढलेली असतात, त्याला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला तो. लाल डांबर संपून काळं डांबर दिसलं की हात ब्रेकवर, वेग चालण्याइतका, दोन्हीकडे बघून मगच पुढे. मुलांना हा एकच नियम घरून पाठ करून न्या: लाल संपलं की थांब. मुलगा पुढे असेल तर क्रॉसिंगच्या आधी त्याने थांबून तुमची वाट बघायची, मग सगळे एकत्र ओलांडायचं.

अंडरपासचं वेगळं. उतारावरून आत शिरताना वेग वाढतो, बाहेर पडतानाचं वळण दिसत नाही, आणि समोरून कुणी प्रॅम घेऊन येत असतं. आत शिरायच्या आधी घंटी वाजवा आणि डावीकडून जा. बाहेर उन्हातून आत अंधारात गेल्यावर डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही आणि नेमकी तिथेच कधी कधी फुटकी बाटली असते. आणि हो, २०१८ पासून शहरात छोटे सहा चाकांचे रोबो किराणा पोचवत फिरतात, ते रेडवेवरूनच जातात, ते तुम्हाला बघून थांबतात, तुम्ही बाजूने निघून जा. मुलं मात्र तिथे पाच मिनिटं थांबणारच, तेवढा वेळ धरून चला.

सायकल आणि सामान

रोड बाइक चालेल, पण हायब्रिड किंवा जाड टायरची साधी सायकल जास्त सुखाची. रेडवेचं डांबर जुन्या भागात झाडांच्या मुळांनी वर आलंय, कालव्याच्या काठाला खडी आणि माती आहे, पावसानंतर चिखल. मडगार्ड लावाच, ऑक्टोबर ते मार्च त्याच्याशिवाय पाठीवर चिखलाचा पट्टा ठरलेला.

पंक्चरचं सामान न घेता निघू नका. कारण काचेपेक्षा काटेच. इथे कुंपणाला हॉथॉर्नची झुडपं आहेत, शरद संपला की त्यांची छाटणी होते आणि कापलेले काटेरी तुकडे वाटेवर पडतात, बारीक काटा टायरमधे घुसून बसतो आणि हवा हळूहळू जाते. एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवून तो काटा काढा, नाहीतर नवीन ट्यूब शंभर मीटरवर परत बसते. पंक्चरवाला इथे कोपऱ्यावर नसतो हे पुण्या-मुंबईहून नवीन आलेल्यांनी लक्षात घ्या. ज्यांनी कधी ट्यूब बदललेली नाही त्यांनी घरी एकदा चाक काढून परत बसवून बघा, मागचं चाक पण, चेनसकट.

घंटी हवीच. अंधार पडायची शक्यता असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो, मागे लाल रिफ्लेक्टरही. हिवाळ्यात दुपारी चारला अंधारून येतं. रेडवेवर बऱ्याच ठिकाणी दिवे आहेत पण उद्यानांत आणि कालव्याकाठी नाहीत, तिथे मिणमिणता दिवा उपयोगाचा नाही, वाट दिसेल असा घ्या. हेल्मेट सक्तीचं नाही पण मुलांना आणि स्वतःलाही घाला, यावर मी वाद घालत नाही. इलेक्ट्रिक सायकल चालते, मोटर २५० वॉटची आणि ताशी साडेपंधरा मैलांनंतर मदत बंद होणारी, चालवणारा किमान १४ वर्षांचा. थ्रॉटलवर सुसाट जाणारी दांडगी सायकल इथे मोटरसायकल धरली जाते.

लंडनहून येणार असाल तर यूस्टनवरून मिल्टन कीन्स सेंट्रल, जलद गाडीने अर्धा-पाऊण तास. घडीची सायकल केव्हाही आणा, मोठी सायकल कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळात नेता येत नाही आणि काही गाड्यांना सायकलचं रिझर्व्हेशन लागतं, तिकीट काढायच्या आधी त्या कंपनीचे सायकलचे नियम वाचा. शनिवार-रविवार सकाळ सगळ्यात सोपी, फक्त त्या दिवशी रुळांचं काम चालू नाही ना ते बघून घ्या, इथे ते वीकएंडलाच काढतात.

पहिली फेरी: स्टेशन ते स्टेशन, तिन्ही पाणी

ही साधारण १८ ते २० किलोमीटर. सवय असलेल्याला दीड तास, मुलांबरोबर आणि थांबत थांबत गेलात तर अख्खा दिवस, आणि मी सांगेन दिवसच द्या.

स्टेशनच्या बाहेर पडलात की समोर मिडसमर बुलेव्हार्ड सरळ ईशान्येला चढत जातो. आखणाऱ्यांनी हा रस्ता उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य उगवतो त्या दिशेला बसवलाय. बाजूच्या रुंद वाटेने चला. सगळ्या रूटमधला हा तुकडा मला कमी आवडतो, पार्किंगची तोंडं आहेत, ऑफिसवाले फोनमधे बघत चालतात, सावकाश जा. पुढे रस्त्याच्या मधे मॉल येतो, तिथे एका बाजूला सिलबरी किंवा दुसऱ्या बाजूला ॲव्हबरी बुलेव्हार्ड धरून मॉल पार करा, फारच गर्दी असेल तर उतरून चालत. मॉल संपला की कॅम्पबेल पार्क आणि इथून गाड्या संपल्या.

कॅम्पबेल पार्कच्या टोकाला उंचवटा आहे, तिथून पूर्वेला सगळं खोरं दिसतं. जाताना सगळ्यांना तिथे उभं करून दाखवा की खाली कालवा, त्याच्या पलीकडे विलेन, त्याच्या मागे टेकड्या. पुढचा रूट एकदा डोळ्याने बघून घेतला की मुलं कुरकुर कमी करतात. पार्कात क्रिकेटचं मैदान आहे, उन्हाळ्यात शनिवारी मॅच चालू असेल तर तुमच्यातले दोन जण तिथेच बसायचा हट्ट धरतील. मग उतार, चांगलाच आहे, मागचा ब्रेक आधी दाबा, आणि खाली कालव्यावरचा पूल.

पूल ओलांडून विलेन लेकच्या पाट्या धरा, या पाट्या मात्र शेवटपर्यंत साथ देतात. विलेनची दोन तळी, दक्षिणेचं गजबजलेलं, होड्या, पाण्यातले खेळ, कॅफे, बाथरूम, आणि उत्तरेचं शांत, पक्ष्यांसाठी राखलेलं. पाणी भरून घ्यायचं, मुलांना बाथरूमला न्यायचं ते इथेच उरका, पुढे बराच वेळ काही नाही. सुट्टीच्या दुपारी दक्षिण तळ्याभोवती सायकल चालवण्यात अर्थ नाही, इतकी माणसं असतात, त्यात आपल्याकडचे आजी-आजोबा नातवंडांच्या गाड्या ढकलत चाललेले असतात आणि मागून घंटी वाजली की दोघं दोन दिशांना सरकतात. लांबूनच एकदा वाजवा, जवळ आल्यावर हळू व्हा, हसून एक शब्द बोला. सकाळी नऊच्या आधी आलात तर तळं जवळपास तुमचंच.

उत्तरेच्या तळ्याच्या काठी पांढरा शांतिस्तूप आहे, जपानच्या निप्पोन्झान म्योहोजी पंथाच्या भिक्षूंनी १९८० मधे बांधलेला, पाश्चात्त्य देशांतला हा पहिला. चारी बाजूंना बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत. सायकली खाली लावा, पायऱ्या चढून जा, एक प्रदक्षिणा घाला. डब्याला हीच जागा उत्तम. थालीपीठ, दही, चिवडा असं काही आणलंत तर हंस आणि गीज (बदकांसारखे मोठे पक्षी) जवळ येतील, त्यांना देऊ नका, मागे लागतात आणि वसंतात पिल्लं असली की हंस खरोखर अंगावर येतो. गीजच्या विष्ठेवरून चाक घसरतं, ओल्या दिवशी वळणावर लक्ष ठेवा.

आता कालवा. रस्ता शोधत बसायचा नसेल तर आलात त्याच वाटेने कॅम्पबेल पार्कच्या पुलापर्यंत परत या आणि कालवा धरून उत्तरेला वळा. ग्रेट लिनफर्डपर्यंत आता काही विचार करायचा नाही, पाणी शेजारी ठेवायचं. बऱ्याच भागात कालव्याच्या एका काठाने पूर्वी नावा ओढणाऱ्या घोड्यांची जुनी अरुंद वाट आणि दुसऱ्या काठाने रुंद पक्की वाट आहे, मुलं असतील तर रुंद वाट घ्या. अरुंद वाटेवर शिस्त अशी की चालणाऱ्याचा मान आधी, पुलाखाली डोकं वाकवून आणि घंटी वाजवून, मासे धरणाऱ्यांचे लांब गळ वाटेवर आडवे असतात ते त्यांना उचलू द्या, आणि नावेतल्या माणसाला हात करा, तो नक्की करेल. पोहता न येणारं मूल असेल तर पाण्याकडच्या बाजूला तुम्ही आणि आतल्या बाजूला ते, यात सूट नको.

या कालव्याचं पाणी इतकं संथ का वाटतं तर सगळ्या शहरात त्याला एकच लॉक, म्हणजे नावा वर-खाली करायचं दारांचं कुंड, आहे, दक्षिणेला फेनी स्ट्रॅटफर्डला, तेही जेमतेम फूटभर उंचीचं. बाकी सगळा कालवा एकाच पातळीवर वळणं घेत जातो. तुम्हाला चढ लागत नाही तो त्यामुळेच. साधारण १८०० च्या सुमाराला हा कालवा खणणाऱ्यांनी डोंगर टाळला, आज त्याचा फायदा आपल्या गुडघ्यांना.

ग्रेट लिनफर्डला जुनं गाव आहे, शहराच्याही आधीचं, मॅनर हाउस म्हणजे जुन्या जमीनदाराचा वाडा, दगडी घरं, कालव्याकाठी हिरवळ. इथे कालवा सोडा आणि रेल्वे वॉकच्या पाट्या बघा. वुल्व्हर्टन ते न्यूपोर्ट पॅग्नेल अशी छोटी रेल्वेलाइन होती, १९६४ मधे प्रवासी गाडी बंद झाली, १९६७ मधे मालगाडीही, आणि रूळ काढून त्याची वाट केली. गावात जुन्या स्टेशनचा प्लॅटफॉर्म अजून तसाच आहे, गवतात उभा. तिथून पश्चिमेला वळा. सगळ्या फेरीत मला हा तुकडा सर्वात प्रिय. रेल्वेची वाट म्हणजे सरळ, सपाट, दोन्ही बाजूंनी झाडं वर जाऊन मिळालेली, रस्ते खालून-वरून जातात, क्रॉसिंगची कटकट जवळपास नाही. मूल पहिल्यांदा मोठ्या सायकलवर बसलं असेल तर त्याला सरळ इथे आणा. पुढे ब्रॅडवेलला दुसरा प्लॅटफॉर्म लागतो.

न्यू ब्रॅडवेलला पवनचक्की आहे आणि तिच्याजवळच कालवा एका मोठ्या रस्त्यावरून पुलावरून जातो, म्हणजे खाली गाड्या आणि वर नावा. १९९१ मधे झालेला हा पूल थोडी वाकडी वाट करून बघा, मुलांना ते खरंच वाटत नाही.

आता दक्षिणेला वळायचं, लाउटन व्हॅलीच्या आणि बॅनक्रॉफ्टच्या पाट्या. ओढा सापडला की तो वाहतो त्याच्या उलट दिशेने जायचं, पाणी उत्तरेला जातं, तुम्ही दक्षिणेला. फाट्यावर शंका आली तर पाण्यात पडलेलं पान बघा, ते समोरून तुमच्याकडे येत असेल तर वाट बरोबर. बॅनक्रॉफ्टला रोमन घराचे अवशेष आहेत, आणि रेल्वेच्या जवळच्या कुरणात मिल्टन कीन्सच्या त्या प्रसिद्ध काँक्रीटच्या गाई. १९७८ मधल्या मूळ गाई म्युझियममधे आहेत, कुरणात त्यांच्या प्रतिकृती. मग ओढ्याकाठाने लॉज लेक, छोटं तळं, बाक आहेत, उरलेला चहा इथे संपवा. इथून सेंट्रलच्या पाट्या धरून पूर्वेला, रूळ ओलांडले की स्टेशन.

जोर शिल्लक असेल तर न्यू ब्रॅडवेलहून परत न वळता कालवा धरून वुल्व्हर्टनच्या पुढे जा. तिथे १८११ सालचा लोखंडी जलसेतू आहे, अख्खा कालवा ग्रेट ऊझ नदीच्या वरून लोखंडी हौदातून जातो. वाट अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली खोल नदी. सायकलवरून उतरून ढकलत जा, उंचीची भीती असेल तर अलीकडेच थांबा.

दुसरी फेरी: ऊझलच्या काठाने

थोडक्यात सांगतो कारण ही सोपी आहे. कॅम्पबेल पार्कच्या कालव्यावरून विलेनच्या दक्षिण तळ्यापर्यंत, आणि तिथून ऊझल धरून दक्षिणेला. वुलस्टन, वफ्टन ऑन द ग्रीन, मग वॉल्टन, जिथे ओपन युनिव्हर्सिटीचं आवार नदीला लागून आहे, आणि शेवटी काल्डेकॉट लेक. एका बाजूने साधारण ८ किलोमीटर. कुरणांमधून वाट जाते, गुरं चरायला सोडलेली असतात, फाटक उघडलं तर बंद करा, गाय आणि वासराच्या मधून जाऊ नका.

ऊझलच्या काठी पावसाचं गणित वेगळं. ही जमीन पूर येण्यासाठीच मोकळी ठेवली आहे, त्यामुळे दोन-तीन दिवस लागोपाठ पाऊस झाला की काही वाटा पाण्याखाली जातात. पाण्याखालचा तळ दिसत नसेल तर सायकल घालू नका, मागे फिरा आणि जवळचा रेडवे घ्या, तो थोडा वरून जातो. जानेवारी-फेब्रुवारीत मी ही फेरी कोणालाच सुचवत नाही, तेव्हा रेल्वे वॉक बरा.

काल्डेकॉटहून परत येताना सिम्पसनजवळ कालवा गाठा आणि त्याच्या काठाने उत्तरेला कॅम्पबेल पार्क. जाताना नदी, येताना कालवा, दोन्ही शेजारी-शेजारी असूनही एकदम वेगळे. मुलं दमली तर काल्डेकॉटच्या काठालाच बो ब्रिकहिल स्टेशन आहे, तिथून छोटी गाडी ब्लेचलीला जाते, पण गाड्या कमी, वेळ आधी बघून ठेवा.

जंगलं

पाणी खाली, जंगल वर. शहर यायच्या शेकडो वर्षं आधीपासूनची तीन जुनी रानं राखून ठेवलीत: लिनफर्ड वुड, शेनली वुड आणि हाउ पार्क वुड. एप्रिलच्या शेवटी ते मेच्या सुरुवातीला तिथे जमिनीवर ब्लूबेलचा निळा गालिचा पसरतो, कासच्या पठारावर सप्टेंबरमधे जाणाऱ्यांना त्याची ओढ समजेल, आणि तिथल्यासारखंच इथेही फुलांत शिरून फोटो काढू नका, एकदा तुडवलेलं झाड सावरायला वर्षं लागतात.

लिनफर्ड वुड मध्यापासून सगळ्यात जवळ, स्टेशनवरून तीनेक किलोमीटर उत्तरेला, आत मोठी पक्की वाट आहे आणि लाकडात कोरलेली शिल्पं झाडांमधे ठेवली आहेत. लहान मुलांना ती शोधायला लावा. शेनली आणि हाउ पार्क पश्चिमेला, एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळ. त्यांना जायला लाउटन ब्रुक धरून फर्झ्टन लेकपर्यंत या आणि तिथून रेडवेने वेस्टक्रॉफ्टच्या बाजूला. हाउ पार्कच्या तोंडाशी छोटं केंद्र आणि कॅफे आहे. इथे सायकलींना कुलूप लावून आत चालतच जा. आतली माती चिकण आहे, टायर आणि मडगार्डच्या मधे ती भरली की चाक फिरतच नाही, शिवाय हे रान खास संरक्षित आहे, ब्लॅक हेअरस्ट्रीक नावाचं इंग्लंडमधलं दुर्मीळ फुलपाखरू जून-जुलैत इथे दिसतं. कुलूप चांगल्या प्रतीचं न्या, चाक आणि फ्रेम दोन्ही अडकवा.

शरद ऋतूत, ऑक्टोबरच्या मध्याला, रानाच्या कडेचे रेडवे पानांनी पूर्ण झाकले जातात. दिसायला सुंदर, पण ओल्या पानांवर ब्रेक लागत नाही आणि खाली लाल संपून काळं सुरू झालेलं दिसतही नाही, म्हणजे वर सांगितलेली क्रॉसिंगची खूणच नाहीशी होते. त्या दिवसांत प्रत्येक मोकळी जागा दिसली की क्रॉसिंग आहे असं धरूनच हळू व्हा.

फोनवरच्या नकाशाबद्दल एक राहिलं. नेहमीचं ॲप सायकलचा रूट दाखवताना कधी कधी ग्रिड रोडवर काढतं कारण तो सरळ असतो. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं, सायकलच्या वाटा वेगळ्या रंगात दाखवणारं ॲप घ्या, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. निघताना तुम्ही कुठल्या एच आणि कुठल्या व्हीच्या चौकोनात आहात ते बघून ठेवा, कुणी पडलं आणि ९९९ ला फोन करायची वेळ आली तर "लाल वाटेवर झाडात" असं सांगून उपयोग नाही, "एच ६ आणि व्ही १० च्या कोपऱ्याजवळ, विलेनच्या बाजूला" असं सांगितलं की ॲम्ब्युलन्सवाल्यांना लगेच कळतं.